निरक्षर आईची स्मृती कशी तपासावी?

निफाडच्या माझ्या आत्याबाई कधी शाळेत गेल्या नाहीत. तरी गारपिटीने द्राक्षबाग कोणत्या साली झोडपली, हे त्या अचूक सांगतात. अल्झायमरच्या संशयावरून घेतल्या जाणाऱ्या, १९७५ साली अमेरिकेत तयार झालेल्या प्रसिद्ध चाचणीत मात्र वाक्य लिहावे लागते, शंभरातून सात-सात वजा करावे लागतात. तिथे स्मृती शाबूत असूनही त्यांचे गुण कमीच पडतील.

म्हणूनच हरियाणातील बल्लभगढच्या ग्रामस्थांसाठी १९९०च्या दशकात, निरक्षरांनाही देता येईल अशी हिंदी चाचणी सिद्ध झाली. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासानुसार साठीपुढील सुमारे ७.४ टक्के भारतीयांना स्मृतिभ्रंश आहे. स्त्रियांत आणि खेड्यांत प्रमाण अधिक.

आपण आईला नाशिकला तपासणीसाठी न्याल, तेव्हा तिचे शिक्षण किती झाले, हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. सुट्ट्या पैशांचा हिशेब, देवपूजा, ओळखीची वाट यांत काय बदलले, तेही सांगा.