मल्ल आणि खांब

मराठीच्या प्राध्यापकाला शब्द फोडून पाहण्याची वाईट खोड असते. ताटात पोळी पडली की तिची व्युत्पत्ती सांगणारा नवरा घरात किती प्रिय असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी! याच खोडीपायी मी एकदा ‘मल्लखांब’ हा शब्द फोडला. मल्ल म्हणजे पैलवान. समोर जोडीदार नसला तरी त्याला पकडी घोटता याव्यात, म्हणून हा लाकडाचा जोडीदार. तो दमत नाही, चिडत नाही, आणि कुस्ती मारल्यावर फेटा मात्र मल्लाच्या डोक्यावर चढतो.

मला त्या खांबात शिक्षक दिसला.

दादरला काळे गुरुजींनी १९२५ साली श्री समर्थ व्यायाम मंदिर काढलं. तिथं उदय देशपांडे यांनी वर्षानुवर्षं मल्लखांब शिकवला. २०१९च्या फेब्रुवारीत पहिली जागतिक मल्लखांब स्पर्धा शिवाजी पार्कवर झाली. २०२४ साली त्यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा सरकारी पत्रकात आकडे होते : पन्नास देशांतले पाच हजारांहून अधिक शिष्य. आकडे मोठे खरेच; पण मी अडखळलो तो पुढच्या यादीपाशी. स्त्रिया, अपंग, अनाथ, आदिवासी, वृद्ध! आम्ही कॉलेजवालेही दर जूनमध्ये यादी लावतो. कुणाला आत घ्यायचं नाही, हे ठरवण्यासाठी. ही यादी कुणाकुणाला आत घेतलं, याची.

त्यांच्या हाताखाली अंध मुलीही दोरीवर चढल्या. दोरीच्या मल्लखांबात पायाचा अंगठा आणि शेजारचं बोट यांच्या चिमट्यात दोर धरावा लागतो. डोळस मूल पाहून शिकतं. अंध मुलीला ती पकड हाताला धरून, शब्दाशब्दानं समजवायची. मी वर्गात ‘करुणरस’ म्हणतो. शब्द कुणाला कळला नाही तरी कुणी बाकावरून पडत नाही. तिथं शब्द चुकला तर मूल खाली येतं. भाषेच्या मास्तरला यापेक्षा कडक परीक्षक कुठला मिळायचा?

याच शिवाजी पार्कवर रमाकांत आचरेकरांनी क्रिकेटपटू घडवले. स्वतः ते प्रथम दर्जाचा एकच सामना खेळले. पण सचिन तेंडुलकरांच्या धावा मोजताना आचरेकरांचं नाव कुणाच्या ओठांवर येत नाही?

आम्हां शिक्षकांनाही कौतुक हवंच असतं. खांबाला एरंडेल चोळतात, आम्हांला पाच सप्टेंबरला गुलाबाचं फूल मिळतं. ‘झालं समाधान?’ असं घरून विचारणा होते, आणि मी फूल मुकाट्यानं पेल्यात ठेवतो. समाधान होतं, नाही कशाला म्हणू? पण एरंडेल आटलं म्हणून खांब उखडून चालू लागत नाही. उद्या चढणाऱ्या पोराला तो जागेवर पक्का रोवलेला सापडला पाहिजे, एवढंच.