दात्यांचा हिशेब

एटीव्ही या आडवाटेच्या चारचाकीवर मोटारसायकलचे इंजिन चढविले, आता स्प्रॉकेटे कोणती घालावीत, असे आमच्या एका तरुण स्नेह्याने विचारले. तेव्हा आम्हांस कायदा बाजूला ठेवून अंकगणित हाती घ्यावे लागले. पुढील स्प्रॉकेटास १५ दाते व मागील स्प्रॉकेटास ४५, म्हणजे प्रमाण ३. मोटारसायकलचे मागील चाक सुमारे २५ इंच व्यासाचे, या वाहनाचे २०. तेच दाते ठेवले तरी ओढ सव्वापट होते व वेग पंचमांशाने घटतो. जुना वेग हवा, तर मागे ३६ दाते लागतील. स्नेह्याचा कल तिकडेच होता.

आम्ही कौल उलट दिला. या वाहनाचे टायर मऊ, ठाण उंच, मागचा आस बहुधा अखंड. भरधाव वळणावर ते उलटू शकते आणि स्वार त्याखाली सापडतो. चिखलात व चढावर कामी येते ती ओढ. ती अपुरी पडली की क्लच घसरून जळतो. इंजिन फारच ओरडू लागले, तर पुढे १६ दाते करावेत. तो एक दाता मागच्या जवळजवळ तिघांच्या तोलाचा असतो. इंजिनाची ऐट पाहून दाते ठरवू नयेत. ज्या वाटेने जावयाचे, तिला विचारून ठरवावेत.