उंच माणसाचा कोट

अंथरूण पाहून पाय पसरावे, असें आपल्याकडे लहानपणापासून शिकवितात. ही म्हण ज्यानें प्रथम उच्चारली तो गृहस्थ मध्यम उंचीचा असला पाहिजे, याविषयीं मला शंका नाहीं. माझी उंची सहा फूट तीन इंच आहे; अंथरूण आखूड असणार हें मला न पाहतांच ठाऊक असतें. एस्. टी.तील दोन आसनांमधली जागा, जुन्या वाड्याची चौकट, न्हाणीघरांतला आरसा, या सर्वांशीं उंच मनुष्य हळूहळू तडजोड करावयास शिकतो. परंतु या वस्तू आपापल्या जागीं राहतात. कोट मात्र अंगावर बसून चार लोकांत येतो, आणि आंतल्या माणसाविषयीं त्यांच्याशीं परस्पर बोलूं लागतो.

पूर्वीं लग्नांतल्या एका सुटावर लोक जन्म काढीत. हल्लीं महाविद्यालयाच्या शेवटच्या वर्षींच, नोकरीच्या मुलाखतीसाठीं, मुलास ब्लेझर घ्यावा लागतो. हें वस्त्र मूळचें इंग्लंडांतलें. केंब्रिज येथील सेंट जॉन्स कॉलेजच्या लेडी मार्गारेट बोट क्लबाची स्थापना १८२५ सालीं झाली. त्या क्लबाचे वल्हेकरी लालभडक कोट घालीत, आणि त्या ज्वाळेसारख्या रंगावरून ब्लेझर हें नांव पडलें, असें सांगतात. पुढें रंग विझला, नांव राहिलें. मौज ही कीं, वल्हेकरी बहुधा उंच आणि लांब हातांचे असतात. म्हणजे ज्यांच्या खांद्यांवर हा कोट जन्मास आला, त्यांच्याच बांध्याच्या माणसाला तो आज आपल्या बाजारांत मिळत नाहीं!

माझा पुतण्या गेल्या हिवाळ्यांत या प्रसंगास येऊन ठेपला. उंची सहा फूट दोन इंच, छाती ४० इंच, आणि या कामासाठीं बाजूस काढलेले रुपये ७,०००. आमचें घर एकत्र कुटुंबाचें. अशा घरांत कपडे ओढ्याच्या पाण्याप्रमाणें वरून खालीं वाहत येतात. थोरल्याचा सदरा धाकट्याला, धाकट्याचा त्याहून धाकट्याला. परंतु उंच मुलापाशीं आला कीं हा प्रवाह थबकतो. दादाचा लग्नांतला कोट कपाटांतून काढला, डांबराच्या गोळ्यांचा वास जावा म्हणून गच्चीवर टाकला आणि पुतण्याच्या अंगावर चढविला. खांदे बरोबर बसले. बाही मात्र मनगटाच्या चार बोटें वरच थांबली. आई जपमाळ बाजूस ठेवून म्हणाली, "अरे, जरा खांदे पाडून उभा राहा, म्हणजे कळायचें नाहीं." तो मुकाट्यानें तसा उभा राहिला. त्याला असें उभें राहण्याची संवय आहे, हें मला त्या वेळीं प्रथम दिसलें. वर्गाच्या छायाचित्रांत मागल्या रांगेंत, पाहुण्यांशीं बोलतांना दारांत, सर्वत्र तो थोडासा मिटलेला असतो.

मग आम्ही दोघे तयार कपड्यांच्या एका मोठ्या दुकानांत गेलों. विक्रेत्यानें ४० मापाचा कोट दिला, तो आखूड. ४२चा दिला, तोहि आखूड. शेवटीं ४४चा काढून म्हणाला, "हा लांबीला पुरेल." लांबीला तो जेमतेम पाऊण इंच अधिक होता, छातीला मात्र चार इंच, म्हणजे दहा सेंटिमीटर, सैल होता. खांद्याची शिवण दंडावर उतरली होती, आणि बाही अजूनहि उणीच होती. "साहेब, हात थोडे आखडून घ्या," असें त्यानें सुचविलें. घरीं खांदे पाडावयाचे आणि दुकानांत हात आखडावयाचे! कोटासाठीं माणूस कापण्याचा हा उद्योग मला रुचला नाहीं, व आम्ही परत आलों.

यांतलें मर्म असें आहे कीं, तयार कोटाचें माप छातीच्या घेरावरून ठरतें. आंकडा वाढला म्हणजे कोट आडवा वाढतो, उभा फारसा वाढत नाहीं. उंच होणें आणि जाड होणें या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हें इंग्लंड-अमेरिकेंतील कपडेवाल्यांनीं ओळखलें आहे. तिकडे एकाच छातीचा कोट शॉर्ट, रेग्युलर आणि लाँग अशा तीन लांब्यांत मिळतो; लाँगमध्यें अंगाची लांबी व बाही प्रत्येकीं सुमारें एक ते दीड इंच अधिक असते. आपल्याकडे बहुतेक दुकानांत केवळ रेग्युलरच मिळतो. यांत दुकानदाराला फार दोष देतां येणार नाहीं. आपल्या तरुण पुरुषांची सरासरी उंची सुमारें साडेपांच फूट. लाँग माल वर्षभर टांगून ठेवला तर त्याचें भांडवल अडकेल. भारतीय देहयष्टीला स्वतःचें मापपत्रक असावें म्हणून निफ्ट या सरकारी संस्थेचा सहा शहरांतील २५,००० स्त्रीपुरुषांचीं मापें घेण्याचा उपक्रम २०१८ सालीं जाहीर झाला. परंतु सरासरी कितीहि शास्त्रशुद्ध निघाली तरी उंच मनुष्य तिच्या बाहेरच उभा असणार.

तेव्हां ज्याच्या घरीं असा मुलगा आहे त्यानें कोणता दोष सुधारतो आणि कोणता सुधारत नाहीं, एवढें जाणून घ्यावें. निम्मा खर्च तेथेंच वांचतो. कंबर सैल असेल तर बाजूच्या शिवणींतून दीड-दोन इंच सहज आंत घेतां येते. बाहीच्या टोकाशीं कापड आंत दुमडलेलें असतें. तें उलगडून बाही इंच-दीड इंच वाढते, मात्र बटणांचीं काजें खरोखर कापलेलीं नसलीं पाहिजेत. खांदा बदलणें म्हणजे कोट जवळजवळ नव्यानें शिवणें. आणि अंगाची लांबी तर मुळींच वाढत नाहीं. कारण खिसे आणि बटणें यांच्या जागा तिच्याच प्रमाणांत ठरलेल्या असतात. आखूड कोटाचें बटण उंच माणसाच्या कमरेऐवजीं बरगडीवर येतें, तें यामुळेंच. लांबी पारखण्याची जुनी रीत सोपी आहे. मानेच्या मागील मणक्यापासून जमिनीपर्यंत टेप सोडावी आणि आंकडा निम्मा करावा. पुतण्याचे ६३ इंच भरले. म्हणजे कोट ३१.५ इंच पाहिजे. दुकानांतला ४०चा कोट २९ इंचांचा होता. हें अंतर कोणत्याहि सुईदोऱ्यानें भरून निघणारें नव्हतें. घरबसल्या कोट मागविणारांनींहि ४० कीं ४२ हें न पाहतां लांबी आणि बाही यांचे इंच पाहावे.

आम्हीं शेवटीं कापड घेतलें. कोटाच्या कापडाचा पन्हा सुमारें दीडशे सेंटिमीटर असतो, आणि साधारण माणसाला दोन मीटर पुरतें. आम्हीं अडीच मीटर घेतलें. शुद्ध लोकरीचा हट्ट धरला नाहीं. गडद निळें पॉलिएस्टर-व्हिस्कोसचें मिश्र कापड निवडलें. पेठेंतल्या एका वयस्क शिंप्याकडे तें दिलें. कापड, अस्तर व शिलाई मिळून रुपये ६,५०० झाले. दुकानांतला न बसणारा कोट याहून पांचशेंनीं महाग होता. वेळ मात्र अठरा दिवस लागला; म्हणून मुलाखतीची तारीख कळण्याची वाट पाहूं नये.

माप घेतांना त्या शिंप्यानें टेप गळ्यांत टाकली, दोन पावलें मागें सरून पुतण्याकडे निरखून पाहिलें आणि म्हणाला, "असे वांकूं नका. सरळ उभे राहा, नाहीं तर पाठ चुकेल माझी." पुतण्या सरळ उभा राहिला. डोकें वरच्या लाकडी फळीला लागलें, तशी शिंप्यानें फळीवरचीं पुडकीं बाजूला सारलीं आणि त्याला पुढें ओढून घेतलें. या मुलाला सरळ उभें राहावयास सांगणारा पहिला मनुष्य एक शिंपी निघाला, आणि तोहि आपल्या कामाच्या गरजेनें! आम्हां घरच्या मंडळींना त्याची उंची कौतुकाची वाटे. तिला जागा करून देण्याचें आमच्यापैकीं कोणाला सुचलें नव्हतें. कच्च्या शिलाईच्या वेळीं बटण बरोबर कमरेवर आलें, आणि बाहीबाहेर सदऱ्याची अर्धा इंच पट्टी दिसूं लागली. आरशांत पाहून तो कांहीं बोलला नाहीं. हात मात्र त्यानें मोकळे सोडले होते.

मुलाखत झाली. निकाल अजून यावयाचा आहे. आईनें कोट पाहून, "हा तर साहेबच दिसतो," असें म्हणून दृष्ट काढली. शिंप्यानें माझ्या सांगण्यावरून बाहीच्या आंत दोन इंच कापड राखून ठेवलें आहे. कारण घरांत धाकटा सतराव्या वर्षीं सहा फुटांवर पोंचला असून अजून वाढतोच आहे.