दौऱ्यावरचा मोकळा वेळ

कामाच्या दौऱ्यावर निघालेला माणूस आपले गाव स्वतः निवडत नाही. ते त्याच्या खात्याने, बँकेने किंवा कंपनीने ठरवलेले असते, आणि म्हणूनच पाहणी उरकल्यावर, सह्या झाल्यावर, परतीची गाडी सुटेपर्यंत जे काही तास उरतात ते अनेकांना ओझ्यासारखे वाटतात. हे तास विश्रामगृहाच्या खोलीत लोळून तरी काढले जातात, नाहीतर जवळच्या एखाद्या प्रसिद्ध स्थळाकडे धावतपळत जाऊन तरी संपवले जातात. या दोन्ही वाटांमध्ये ज्या गावाने त्या माणसाला बोलावून घेतले ते गाव मात्र अनोळखीच राहते. वस्तुतः पर्यटकाला जे सहसा मिळत नाही ते कामासाठी आलेल्याला आधीच मिळालेले असते, कारण गावातल्या चार माणसांशी त्याचा खरा व्यवहार झालेला असतो. मोकळा वेळ म्हणजे तो व्यवहार ओळखीपर्यंत नेण्याची संधी होय.

लातूर जिल्ह्याच्या पूर्वेस, कर्नाटकाच्या सीमेला लागून असलेले देवणी हे तालुक्याचे गाव या दृष्टीने विचारात घेण्यासारखे आहे. येथे पीक कर्जाच्या तपासणीला, बियाण्यांच्या विक्रीला, परीक्षेच्या देखरेखीला किंवा जनावरांच्या विम्याला माणसे येतात, आणि पाहण्याजोगे येथे काही नाही असे समजून संध्याकाळची गाडी धरतात. परंतु ज्या गोवंशाला या गावाचे नाव मिळाले आहे तो देवणी गोवंश येथल्या गोठ्यांतूनच घडला आहे. हा दुहेरी उपयोगाचा गोवंश मानला जातो, म्हणजे गाय दुधासाठी आणि बैल शेतकामासाठी असे दोन्ही गुण त्यात जपले गेले आहेत. काळ्या, चिकट जमिनीत नांगर ओढणाऱ्या बैलाची ताकद आणि घरापुरते दूध देणारी गाय एकाच रक्तात हवी, ही कोरडवाहू शेतकऱ्याची गरज त्यामागे आहे. गीर, डांगी आणि स्थानिक जनावरे यांच्या संकरातून तो सिद्ध झाला असे मानतात. रंगावरून त्याचे तीन प्रकार ओळखले जातात: पांढरे अंग आणि तोंडावर काळेपणा असलेला वानेरा, जवळजवळ पूर्ण पांढरा बालंक्या, आणि पांढऱ्या अंगावर अनियमित काळे ठिपके असलेला शेवरा. हे भेद पुस्तकात वाचता येतात. पण एखादा जाणता पशुपालक कानाची ठेवण, वशिंडाची उंची आणि चालण्याची ढब दाखवत वळू कसा निवडावा हे सांगू लागतो, तेव्हा पिढ्यानपिढ्यांची निरीक्षणे ऐकणाऱ्यापुढे उलगडत जातात.

दौरा मार्गशीर्ष अमावास्येला आला तर पाहुण्याचा बेत आपोआपच बदलतो. या दिवशी लातूर आणि धाराशिव या भागांत वेळा अमावास्या साजरी होते, तिला बोलीभाषेत येळवस म्हणतात. शेतात कडब्याची कोप, म्हणजे छोटी झोपडी, उभारून पूजा केली जाते आणि अवघे गाव शिवारात जेवायला जाते. भज्जी, म्हणजे अनेक भाज्या आणि कडधान्ये एकत्र शिजवून केलेले कालवण, बाजरीचे उंडे आणि ताकात कालवलेली आंबील हा त्या दिवसाचा ठरलेला बेत असतो. गावातल्या रस्त्यावर शुकशुकाट असल्याने कामाचा खोळंबा होतो खरा, पण बांधावरून जाणाऱ्या अनोळखी माणसालाही आग्रहाने जेवायला बसवण्याची रीत असल्यामुळे तो मोकळा दिवस कोणत्याही सहलीपेक्षा भरलेला ठरतो.

या भूमीची भाषाही अशीच कान देऊन ऐकण्यासारखी आहे. देवणीच्या शेजारचे उदगीर आणि निलंगा हे तालुके 1956 पर्यंत हैदराबाद राज्याच्या बिदर जिल्ह्यात होते. त्यामुळे येथल्या मराठीला कन्नड आणि दखनी उर्दूचा शेजार जुना आहे. जवळच्या उदगीरच्या किल्ल्याजवळ 1760 साली सदाशिवरावभाऊंनी निजामाला नमवले आणि त्यानंतर थोड्याच काळात पानिपताच्या मोहिमेकडे मराठी फौजांचे लक्ष वळले. पलीकडे बिदरात जस्त आणि तांब्याच्या मिश्रधातूवर चांदीची तार बसवून, शेवटी किल्ल्यातल्या जुन्या मातीच्या लेपाने पृष्ठभाग काळा करण्याची बिदरी कला आजही चालते. ज्याला एखादा पूर्ण दिवस मिळेल त्याने ही ठिकाणे जरूर पाहावीत. मात्र ती पाहताना सीमेच्या दोन्ही बाजूंना एकच इतिहास वाहतो हे ध्यानात घ्यावे.

नोकरीतला मोकळा वेळ किती दूर नेऊ शकतो याचे उदाहरण याच परिसरात आहे. 1910 साली निलंगा येथे जन्मलेले सेतुमाधवराव पगडी हैदराबाद राज्याच्या सेवेत अधिकारी होते. आदिलाबाद भागातील नेमणुकीत त्यांनी गोंडी आणि कोलामी या आदिवासी भाषा आत्मसात केल्या आणि त्यांची व्याकरणे लिहिली. पुढे फारसी साधनांच्या आधारे दख्खनच्या इतिहासात त्यांनी मोलाची भर घातली. स्कॉटलंडच्या लुईस बेटावरील स्टॉर्नोवे येथे जन्मलेल्या कॉलिन मॅकेन्झी यांनीही दक्षिणेत मोजणीच्या कामाच्या जोडीला हस्तलिखिते, शिलालेखांच्या नकला आणि कैफियती, म्हणजे गावोगावच्या परंपरेची स्थानिकांनी सांगितलेली हकीकत, यांचा प्रचंड संग्रह केला. त्यात बोरय्या आणि लक्ष्मय्या या कावली बंधूंसारख्या सहायकांचे श्रम आणि भाषाज्ञान निर्णायक होते. दामोदर धर्मानंद कोसंबी यांचा पेशा गणिताचा होता, तरी पुण्याच्या आसपासच्या वाटा पायी तुडवून त्यांनी सूक्ष्मपाषाणास्त्रे, म्हणजे अश्मयुगीन माणसाची बारीक दगडी पाती, शोधली आणि आडवाटेच्या देवस्थानांवरून इतिहास वाचला.

या तिघांच्या काळात, साधनांत आणि अधिकारांत मोठा फरक आहे, तरी एक गोष्ट सामाईक आहे: स्थानिक माणसाच्या ज्ञानाला त्यांनी प्रमाण मानले. दौऱ्यावरच्या माणसाने हेच शिकले पाहिजे. दिवसा तो प्रश्न विचारतो आणि समोरचा शेतकरी कर्जाच्या, नुकसानभरपाईच्या किंवा परवान्याच्या गरजेपोटी उत्तरे देतो. तेथे जाणता कोण हे खुर्चीने ठरवलेले असते. संध्याकाळी, गोठ्यातली धार काढून झाल्यावर आणि घरच्यांची सवड विचारून तोच माणूस पुन्हा भेटला, तर मात्र शिकवणारा शेतकरी असतो आणि शिकणारा साहेब. अशा भेटीत फाईल पुढे करू नये, आश्वासने देऊ नयेत आणि फोटोसाठी जनावराला हैराण करू नये. ज्या शेताचा पंचनामा सकाळी केवळ आकड्यांत उतरला होता, त्याचे नुकसान म्हणजे नेमके काय हे त्याला तेव्हा कळू लागते, आणि दुसऱ्या दिवशी लिहिला जाणारा अहवाल अधिक न्याय्य होतो. मोकळा वेळ कामाच्या बाहेरचा असतो हा समज म्हणूनच अपुरा आहे. गावाला समजून घेण्यात घालवलेला तास कामालाच माणुसकी देतो, आणि असा तास देवणीसारख्या गावात प्रत्येक दौऱ्यात हाती लागू शकतो.