तेलाची वाटी

आंदर मावळात ज्यांनी एक तरी पावसाळा काढला आहे, त्यांना ओलाव्याविषयी वेगळे काही सांगावे लागत नाही. मृगाच्या सरी येतात, आंद्रेचे पाणी चढते, ठोकळवाडीचा जलाशय भरू लागतो आणि मग दसऱ्यापर्यंत घरातील कोणतीही वस्तू पूर्ण कोरडी म्हणून राहत नाही. दोरीवरचे कपडे, गादीचा अभ्रा, दुकानातील गुळाची ढेप, माणसाचे केस, सारे काही चातुर्मासभर दमट असते.

लग्न होऊन मी टाकव्याजवळच्या आमच्या गावी आले त्याला आता तीस वर्षे झाली. आमचे किराणा मालाचे दुकान आहे आणि दुकानामागेच घर. या घरात मी पहिली गोष्ट शिकले ती तेलाची वाटी. सासूबाई दर शनिवारी संध्याकाळी खोबरेल तेल कोमट करून घेत आणि घरातील लहानमोठ्या प्रत्येकाच्या माथ्यावर ते जिरवत. कोणी रागावलेले असो, कोणाला ताप असो, परीक्षा असो, उत्तर एकच असे. “ये, बस इथे, डोक्याला तेल लावते.” पुढे ती वाटी माझ्या हाती आली. माझा मुलगा सातवीत असताना आमच्यात अबोला झाला होता, तोही या वाटीनेच मोडला होता. म्हणून दोन वर्षांपूर्वी जे घडले त्याची सुरुवात याच वाटीपासून झाली, हे लिहिताना आजही मन कचरते.

मुलगा तेव्हा चोवीस वर्षांचा होता. तळेगावच्या औद्योगिक वसाहतीत त्याला नोकरी लागली होती. घरून दुचाकीने जायचे, पावसात भिजलेल्या केसांवर शिरस्त्राण घालायचे आणि कारखान्यात पोहोचल्यावर पुन्हा कामाची टोपी. आषाढाच्या सुमारास त्याच्या डोक्यावर बारीक पुटकुळ्या दिसू लागल्या. प्रथम टाळूवर दोन-चार, मग कपाळाच्या कडेने, मग मानेवर. टोकाला पांढरा पू, भोवती लाली, आणि खाज अशी की झोपेतही त्याचा हात डोक्याकडे जाई.

“डोक्यात उष्णता झाली आहे,” असे मी निदान केले आणि शनिवारऐवजी रोज रात्री तेल लावू लागले.

आठवडाभरात पुटकुळ्या दुप्पट झाल्या. कोणी लिंबू चोळण्यास सांगितले, तेही केले. तो कळवळून उठला. मग कोणाच्या तरी सांगण्यावरून औषधाच्या दुकानातून एक मलमाची नळी आणली. ते लावताच तीन दिवसांत लाली ओसरली, खाज थांबली. मी देवापुढे साखर ठेवली. परंतु मलम थांबवताच सारे परत आले, आणि पहिल्यापेक्षा खोल, दुखरे होऊन आले. पुन्हा मलम, पुन्हा आराम, पुन्हा उद्रेक. असे अडीच महिने गेले. या काळात तो आरशापुढे उभा राहून पुटकुळ्या फोडीत असे. त्याच्यासाठी स्थळे पाहण्याचे बोलणे चालू होते. “इतक्यात नको,” एवढेच म्हणून तो उठून जाई. उशीवर सकाळी रक्ताचे ठिपके असत. आणि एका शनिवारी मी वाटी घेऊन हाक मारली, तेव्हा तो म्हणाला, “आई, आता माझ्या डोक्याला हात लावू नकोस.”

या वाक्यानंतर आम्ही तळेगावला त्वचारोगतज्ज्ञ बाईंकडे गेलो. जायला हवे होते त्याच्या दहा आठवडे नंतर.

डॉक्टरबाईंनी भिंग लावून पाहिले, पुवाचा नमुना तपासणीसाठी घेतला, आणि वारंवार पुळ्या येणाऱ्याने रक्तातील साखर तपासून घ्यावी म्हणून तीही तपासली. ती ठीक निघाली. मग त्यांनी मला समजावले.

डोक्याची कातडी ही कातडीच असते, आपण ती केसांखाली असल्यामुळे विसरतो. प्रत्येक केस एका बारीक खळग्यातून उगवतो आणि त्या खळग्याला लागून तेलकट स्राव पाझरणारी ग्रंथी असते. चेहऱ्याप्रमाणेच डोक्यावरही अशा ग्रंथी फार दाट असतात. खळग्याचे तोंड स्राव, कोंडा, घाम आणि वरून लावलेले तेल यांनी बुजले की आत सूज येते. याला केशमूलदाह म्हणतात. वैद्यकातील नाव फॉलिक्युलायटिस. आपण त्यांना डोक्यावरच्या तारुण्यपीटिका म्हणतो, पण पुष्कळदा ते दुखणे हेच असते.

त्यात भर घालणारे जीव आपल्या अंगावरच असतात. मॅलेसेझिया नावाची बुरशी जवळजवळ प्रत्येक माणसाच्या डोक्यावर निमूटपणे राहते. तिचे अन्न म्हणजे स्निग्ध पदार्थ. प्रयोगशाळेत ती वाढवायची असेल तर खाद्यात तेल घालावे लागते. दमटपणा आणि ऊब मिळाली की ती फोफावते. दुसरा स्टॅफिलोकॉकस हा जिवाणू. नखांनी खाजवून कातडी सोलली की तो आत शिरतो आणि पू धरतो.

“काकू, ओले केस, वर शिरस्त्राण, आत तेल. त्या बुरशीला याहून चांगली जागा कुठे मिळणार?” डॉक्टरबाई म्हणाल्या. त्यांच्या बोलण्यात दोष देणे नव्हते, तरी माझी मान खाली गेली.

मलमाची नळी पाहून मात्र त्यांचा चेहरा गंभीर झाला. त्यात तीव्र स्टिरॉइड होते. स्टिरॉइड सूज आणि लाली दाबते, म्हणून बरे वाटते. पण त्याबरोबर कातडीचा प्रतिकारही दबतो आणि आतील संसर्ग खोल जातो. अशा मलमांचा आपल्याकडे इतका गैरवापर झाला की २०१८ साली सरकारने पुष्कळशी स्टिरॉइड मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येणार नाहीत असा नियम केला. आम्ही चिठ्ठीवाचून आणले होते. विकणाऱ्याने विचारले नाही, आम्हीही विचारले नाही.

उपचार साधेच होते, चिकाटीचे मात्र होते. तेल पूर्ण बंद. मलम बंद. आठवड्यातून दोनदा केटोकोनाझोलचा शाम्पू, आणि तो लावून लगेच धुवायचा नाही. पाच मिनिटे डोक्यावर राहू द्यायचा, कारण औषधाला काम करण्यास वेळ लागतो. पुळ्यांवर लावण्यास क्लिंडामायसिनचे पातळ द्रावण. पोटात डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या. त्या दुधाबरोबर घ्यायच्या नाहीत, भरपूर पाण्याबरोबर घ्यायच्या. नखे बारीक कापायची, पुळी फोडायची नाही, केस कोरडे झाल्याशिवाय शिरस्त्राण चढवायचे नाही. शिरस्त्राण सोडायचे मात्र मुळीच नाही. त्याच्या आत रोज धुतलेला सुती रुमाल बांधायचा आणि अस्तर दर आठवड्याला धुऊन वाळवायचे. आमच्याकडे श्रावणात अस्तर वाळणार कसे, हा प्रश्न मी विचारला. चुलीच्या उबेला, असे उत्तर मीच शोधले.

सहा आठवड्यांत डोके निवळले. पुढे आठवड्यातून एकदा तोच शाम्पू पावसाळा संपेपर्यंत चालू ठेवला. परंतु टाळूच्या उजवीकडे, जिथे पुटकुळ्या सर्वांत खोल गेल्या होत्या, तिथे रुपयाएवढी जागा गुळगुळीत राहिली. केसाचे मूळच जळून व्रण झाला की तिथे पुन्हा केस येत नाही. तो भांग आता त्या बाजूने पाडतो. कोणाच्या लक्षात येत नाही. माझ्या येते.

सासूबाईंना हे पटवणे सर्वांत अवघड गेले. त्यांचे वय ऐंशीच्या पुढे. “तेलाने का कोणाचे वाईट होते?” असे त्या म्हणत, आणि त्यांचे म्हणणे अगदीच चूक नव्हते. २००३ साली मुंबईच्या संशोधकांनी दाखवून दिले की खोबरेल तेल केसाच्या आत शिरते आणि केसातील प्रथिनांची झीज कमी करते. म्हणजे तेल केसाला मानवते. सुजलेल्या कातडीला मात्र नाही. आपल्या जुन्या वैद्यकालाही हा आजार ठाऊक होता. सुश्रुतसंहितेत डोक्यावरच्या अशा पुळ्यांना अरुंषिका म्हटले असून कफ, रक्त आणि कृमी ही त्यांची कारणे दिली आहेत. उपचारात दूषित रक्त काढून कडुनिंबाच्या पाण्याने डोके धुण्यास सांगितले आहे. हे मी वाचून दाखवले, तेव्हा सासूबाई बराच वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, “मग आधी धुवायला सांगितले होते तर.”

गेल्या पावसाळ्यात आवणीच्या दिवसांत एक बाई दुकानात आली. दिवसभर प्लास्टिकची खोळ डोक्यावर घेऊन ती खाचरात वाकलेली असते. तिच्याबरोबर सहा वर्षांची मुलगी होती. मुलीच्या डोक्यावर लिबलिबीत गाठ, वर पू, आणि तेथले केस हाताने निघून येत होते. आईला आमच्याकडून खोबरेल तेलाची बाटली आणि “ते खाजेचे मलम” हवे होते. मी दोन्ही दिले नाही. लहान मुलांत असे दिसले तर तो बहुधा डोक्यातील नायटा असतो, हे मला आता ठाऊक होते. तो केसाच्या मुळाशी असतो, म्हणून वरून लावलेले मलम तिथवर पोहोचत नाही. पोटात घेण्याचे बुरशीनाशक औषध कित्येक आठवडे द्यावे लागते. गाठ समजून ती चिरायची तर नाहीच. आणि तो एकाचा दुसऱ्याला लागतो, म्हणून फणी, टॉवेल, उशी वेगळी ठेवावी लागते. मुलाने तिला त्याच दुपारी सरकारी रुग्णालयात नेले. आज तिच्या डोक्यावर पूर्ण केस आहेत.

वाचक भगिनींनी एवढे ध्यानात ठेवावे. मुलांच्या मानेवर पुळ्या असतील तर आधी उवा-लिखा पाहाव्यात. केस ओले करून बारीक फणीने दर तीन-चार दिवसांनी धीराने विंचरल्यास त्या निघतात. मानेवर, केसांच्या कडेला टणक गाठी येणाऱ्या पुरुषांनी तिथे वस्तरा फिरवू नये. त्याने गाठी वाढतात. आणि दोन आठवड्यांत डोके निवळले नाही, ताप आला, पू वाहू लागला किंवा केस झडू लागले तर घरचे उपाय थांबवून डॉक्टर गाठावा.

यंदाही पाऊस लागला आहे. मुलगा संध्याकाळी भिजून येतो, शिरस्त्राणाचे अस्तर काढून चुलीजवळ ठेवतो आणि पाटावर बसतो. मी कोरड्या पंचाने त्याचे डोके टिपते, घासत नाही. त्या गुळगुळीत जागेवर बोट गेले की हात किंचित थांबतो. “झाले का, आई?” तो विचारतो. मी म्हणते, “थांब, अजून ओले आहेत.”