कोरडा हात

मालिश म्हटलं की मराठी घरात आधी तेलाची वाटी निघते. बाळंतिणीची मालिश, तान्ह्या बाळाचं अंग चोळणं, नरक चतुर्दशीच्या पहाटेचं अभ्यंग, आजोबांच्या गुडघ्याला कोमट तेल. हाताला वळणच तसं लागलेलं असतं. लोणावळ्यात तर मालिश विकत मिळते, आणि शनिवार-रविवारी आलेला मुंबईकर अंग रगडून घेऊनच घाट उतरतो. अशा गावात कुणाला आपल्या मांजराचंही अंग चेपून द्यावंसं वाटलं, तर त्यात हसण्यासारखं काही नाही. कल्पना चांगलीच आहे. फक्त माणसाच्या मालिशीतल्या दोन्ही मुख्य गोष्टी, तेल आणि जोर, इथे सोडून द्याव्या लागतात. त्या सोडल्यावर जे उरतं ते मांजराला सुखाचं आणि पाळणाऱ्याला उपयोगाचं असतं, एवढंच मला मांडायचं आहे.

आधी तेलाचं बघू. मांजराचा जागेपणीचा बराच वेळ अंग चाटण्यात जातो. जिभेवरचे मागे वळलेले बारीक काटे केसांत खोल शिरतात आणि तिथे जे असेल ते पोटात नेतात. त्यामुळे ‘फक्त बाहेरून लावायचं’ असं मांजराच्या बाबतीत काही नसतंच. लावलं म्हणजे पाजलं. त्यात त्याच्या यकृताची एक मोठी उणीव आहे. निव्वळ मांसावर जगत आलेल्या या प्राण्यात काही रसायनं निकामी करून शरीराबाहेर टाकणारी एक यंत्रणा फारच दुबळी आहे. म्हणून निलगिरीचं तेल, टी-ट्रीचं तेल, कापूर घातलेला बाम या आपल्याला आराम देणाऱ्या गोष्टी त्याला विषासारख्या बाधू शकतात. बंगल्यात कुत्राही असेल तर आणखी एक सावधगिरी हवी. कुत्र्याच्या गोचिडांसाठी मानेवर सोडतात त्या औषधात पुष्कळदा परमेथ्रिन असतं, आणि तेच मांजराच्या अंगाला लागलं तर झटके येऊन ते दगावू शकतं. कुणी म्हणेल, साधं खोबरेल तर विषारी नाही ना? नाही. पण तेलाने केस चिकटतात, त्यांच्यातली हवा जाते आणि ऊब टिकत नाही. वर्षाला सरासरी ४००० मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडणाऱ्या गावात, जिथे जुलैमध्ये चादरीही सुकत नाहीत, तिथे मांजराच्या अंगावर तेल आणि त्यावर चिखल बसवण्यात शहाणपण नाही.

आता जोर. मांजर भरलं तरी तीन-चार किलोचं, आणि माणसाची पाठ रगडायला शिकलेला अंगठा त्याच्या कण्यावर टेकला तर ते सुख नव्हे, संकट. खरं म्हणजे स्पर्शाचं सुख दाबात कमी आणि संथपणात जास्त असतं, आणि या बाबतीतला पहिला पुरावा मांजराकडूनच मिळाला आहे. इंगवे झॉटरमन या स्वीडिश शास्त्रज्ञाने १९३९ साली मांजरांच्या त्वचेतल्या बारीक, मंदगती मज्जातंतूंचे विद्युत संकेत नोंदवले आणि त्यातले काही हलक्या स्पर्शानेही जागे होतात असं दाखवलं. तशाच जातीचे तंतू पुढे माणसातही सापडले, आणि सेकंदाला एक ते दहा सेंटिमीटर इतक्या सावकाश फिरणाऱ्या हाताला ते सर्वांत चांगला प्रतिसाद देतात असं दिसून आलं. म्हणजे घाई नको. तर्जनी आणि मधलं बोट गालावर ठेवावं, मिशांच्या मुळापासून कानाच्या बुडापर्यंत न्यावं. मग हनुवटीखाली, मग कपाळावरून मानेपर्यंत. गाल, हनुवटी आणि कपाळ या जागी गंधग्रंथी असतात, मांजर दाराच्या चौकटीला घासतं ते याच भागांनी. पाळीव मांजरांवरच्या २०१५ सालच्या एका अभ्यासात शेपटीच्या बुडाशी हात लावल्यावर ती सर्वांत जास्त नाराज झालेली दिसली. नेमका तिथेच आपला हात सारखा जातो, कारण पाठीवरून निघालेला हात तिथे आपोआप घसरतो. पोटाचंही तसंच. मांजर उताणं पडतं ते विश्वासाने. त्याचा अर्थ पोट चोळा असा नव्हे.

चार-पाच सेकंद झाले की हात उचलावा आणि बघावं. मांजराने डोकं पुन्हा हाताखाली आणलं तर पुढे चालू. तोंड फिरवलं, पाठीची कातडी थरथरली, कान आडवे झाले, शेपटीचं टोक आपटू लागलं किंवा एकदम खांदा चाटायला घेतला, तर आजचं काम संपलं. लंडनमधल्या एका निवाऱ्यात झालेल्या आणि २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात लोकांना साधारण एवढंच शिकवलं होतं: निवड मांजराला करू द्या, त्याच्याकडे लक्ष ठेवा, आणि हात कुठे लावायचा ते जाणा. त्यानंतर ओरबाडणं-चावणं कमी झालं आणि मांजरं जास्त मायेने वागू लागली.

यावर ठरलेला आक्षेप येतो: पण ते घुरघुरतंय की! घुरघुर ही पसंतीची पावती असते, नेहमी नव्हे. वेदनेत, बाळंत होताना, मरणाच्या दारात असतानाही मांजरं घुरघुरतात. त्या कंपनांनी हाडं सांधतात असंही हल्ली मोठ्या खात्रीने सांगितलं जातं. थेट पुरावा मात्र कुणी पुढे ठेवत नाही. लोणावळ्यात राहणाऱ्याने तरी असं ऐकीव विधान मान डोलावून घेऊ नये. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली इथेच कैवल्यधाम उभं केलं आणि योगक्रियांचे दावे क्ष-किरण यंत्रासमोर, दाबमापकासमोर नेऊन तपासले. परंपरेने सांगितलेलंही जिथे मोजून पाहिलं गेलं, तिथे मोबाइलवर आलेलं न मोजता का मानावं?

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. मावळातल्या भातशेतीच्या घरांत मांजर असतं ते उंदीर-घुशींपासून धान्य राखायला. त्याला ताटातली भाकरी-सुकट मिळते, कुशीत झोपायलाही मिळतं, पण अंग चेपून घेणं हा बंगल्यातल्या पर्शियन मांजराचा थाट. भाटीला त्याचं काय? आणि ती स्वतः अंग चाटतेच. मला हे पटत नाही, आणि ते लाडाच्या बाजूने नव्हे. मांजर दुखणं लपवणारा प्राणी आहे. २००२ सालच्या एका अमेरिकी पाहणीत बारा वर्षांपुढच्या मांजरांच्या क्ष-किरण चित्रांत शंभरातल्या नव्वदांच्या सांध्यांची झीज दिसली. अशा म्हाताऱ्या मांजराला कमरेपर्यंत तोंड नेता येत नाही, केसांच्या गाठी होतात, आणि घरचे म्हणतात, आळशी झालंय. हे डोळ्यांना दिसत नाही, हाताला कळतं. पावसाळ्यात तर हाताला वाचायला पुष्कळ असतं: कानामागे चिकटलेली गोचीड, पिसवांची काळी भुकटी, बुरशीने गेलेल्या केसांचा वाटोळा डाग, बोक्यांच्या मारामारीतल्या चाव्याखाली धरलेला पू. गेल्या महिन्यात न लागणाऱ्या फासळ्या या महिन्यात बोटांना लागल्या, तर वजन उतरलंय. त्यासाठी बंगला लागत नाही, फुरसत फार लागत नाही, तेल तर नाहीच नाही. ओटीवर बसलेल्या भाटीच्या मानेवर रोज दोन मिनिटं हात फिरवणाऱ्या शेतकऱ्याच्या घरात हे आधीपासून चालतच आलं आहे. त्याला कुणी मालिश म्हणत नाही इतकंच.

हाताला गाठ लागली, एखादी जागा गरम लागली किंवा मागच्या पायाला हात लावताच मांजर वळून चावायला आलं, तर तिथे आणखी चोळू नये. सांध्यांवरचा खरा उपचार पशुवैद्याचा, घरच्या अंगठ्याचा नव्हे. दवाखाना उघडेपर्यंत कळ थांबावी म्हणून आपल्या डब्यातली पॅरासिटामॉलची अर्धी गोळी देण्याचा मोह होईल. देऊ नका. यकृताच्या त्याच उणिवेमुळे तेवढ्यानेही मांजर मरू शकतं.