लष्करातलं फिरतं घर

जुनी टेम्पो ट्रॅव्हलर स्वस्तात मिळतेय कळलं, म्हणून ग्वाल्हेरला नया बाजारात मामांकडे गेलो. फ्लॅटचे हप्ते भरण्यापेक्षा गाडीतच बिछाना, ओटा, पाण्याची टाकी बसवून राहायचं, असा माझा बेत.

मामांनी गाडीखाली वाकून टॉर्च मारला. चासी गंजलेली. "अरे, रंग नवा आहे, हाडं जुनीच!" आतल्या सीटा काढून टाकलेल्या, पण आरसीवर त्याची नोंद नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे असे बदल आरटीओच्या मंजुरीशिवाय चालत नाहीत. सौदा मोडला. मी हिरमुसलो.

संध्याकाळी बाजारातून फिरताना मामा म्हणाले, "या भागाला लष्कर का म्हणतात, माहीत आहे? दौलतराव शिंद्यांनी 1810 मध्ये उज्जैनहून राजधानी इथे आणली. किल्ल्याच्या पायथ्याशी फौजेची छावणी पडली. राहुट्यांच्या जागी वाडे झाले, बाजार भरले. आपली माणसंही फौजेबरोबरच आली."

म्हणजे फिरतं घर आमच्याकडे नवं नाही! परतताना मामांनी त्यांचा टॉर्च माझ्या बॅगेत टाकला. "पुढची गाडी बघायला लागेल."